मुद्दाम चिभडवलेली जमीन

लिटल वूल्डन मॉस मँचेस्टरच्या पश्चिमेला आहे, चॅट मॉस नावाच्या जुन्या दलदलीच्या प्रदेशात. वाळवून टाकलेली ही दलदल पुन्हा ओली करायच्या कामाला मी तिथे स्वयंसेवक म्हणून जायला लागले तेव्हा पाहण्यासारखं फारसं काही नव्हतं. शंभर हेक्टरांहून थोडी जास्त जमीन, सपाट, काळपट तपकिरी, आणि तिच्यात गवताची काडीही नाही असे लांबलचक पट्टे. ठरावीक अंतरावर सरळ रेषेत खणलेले चर. कडेने बर्चची झाडं. वारा सुटला की भुकटी उडून दातांत कचकचायची.

आमच्या गटाच्या प्रमुख बाईंनी काम सुरू करण्याआधी प्रत्येकाच्या हातात खालच्या ओल्या थरातला एकेक गोळा दिला आणि म्हणाल्या, "पिळा." दलदलीतली ही माती, म्हणजे पीट, किती कुजलीय हे बघायची ही रीत लेनार्ट फॉन पोस्ट नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात घालून दिली. मुठीतून जवळजवळ स्वच्छ पाणी आलं तर पहिली पायरी, सगळा गोळाच बोटांच्या फटींतून बाहेर आला तर दहावी. माझ्या मुठीतून चहाच्या रंगाचं गढूळ पाणी निघालं, आणि हातात जे उरलं त्यात शेवाळाच्या बारीक फांद्या अजून ओळखू येत होत्या. त्या फांद्या शेकडो वर्षांपूर्वी, कदाचित त्याहूनही आधी मेल्या होत्या.

पीट म्हणजे पुरती न कुजलेली वनस्पती, एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं सगळं समजतं. दलदलीतली झाडं मरतात, पण पाण्याखाली हवा पोचत नाही म्हणून ती पुरती कुजत नाहीत. त्यांच्यावर पुढची पिढी वाढते, तीही साचते. वर्षाला साधारण एक मिलिमीटर. मीटरभर थराला हजार वर्षं लागतात. हा थर मुख्यतः स्फॅग्नम नावाच्या शेवाळाचा असतो. त्याला मुळं नसतात. वरून वाढत राहतं आणि खालून मरत राहतं. आपल्या कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी ते धरून ठेवतं आणि भोवतालचं पाणी आम्लधर्मी करतं, म्हणजे जंतूंची आणखी पंचाईत. मी इथल्या एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे मला या शेवाळाचं कौतुक जरा जास्त आहे. पहिल्या महायुद्धात कापूस पुरेना तेव्हा याच शेवाळाच्या पट्ट्या करून सैनिकांच्या जखमांवर बांधल्या होत्या. आणि मँचेस्टरच्या दक्षिणेला विल्म्सलोजवळच्या लिंडो मॉसमध्ये १९८४ साली पीट काढणाऱ्या कामगारांना सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचं शरीर सापडलं, कातडी आणि केसांसकट. आता ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

पाणी काढून टाकलं की हे सगळं उलटं फिरतं. चर खणले, पाण्याची पातळी मीटरभर खाली गेली की त्या थरात हवा शिरते, हजारो वर्षं उपाशी असलेले जंतू कामाला लागतात आणि साठलेला कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम तीन टक्के जमीन पीटची आहे, पण जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडांमध्ये मिळून जेवढा कार्बन आहे त्याच्या जवळपास दुप्पट कार्बन तिच्यात आहे. जंगलतोड दिसते, तिचे फोटो निघतात. वाळलेल्या पीटचं नुकसान उभ्या माणसाच्या नजरेला दिसत नाही, कारण जमीन त्याच्यासकट खाली जात असते. केंब्रिजशरमध्ये होम फेन नावाच्या ठिकाणी १८५१ साली, तिथलं तळं आटवताना, एक लोखंडी खांब जमिनीत गाडला होता, माथा जमिनीच्या बरोबरीला ठेवून. आज तो सुमारे चार मीटर उघडा पडलेला आहे. खांब हललेला नाही.

चॅट मॉसचा इतिहास वाचायला लागले तेव्हा तो मला अनपेक्षितपणे घरापर्यंत घेऊन गेला. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे १८३० साली सुरू झाली ती या दलदलीवरूनच जाते. जॉर्ज स्टीव्हन्सनला तळ लागेना, तेव्हा त्याने झुडपांच्या आणि फांद्यांच्या जुड्या अंथरून त्यांच्यावर रूळ तरंगत ठेवले. त्या मार्गावरून आजही गाड्या धावतात. पुढे १८६१ ते १८६५च्या अमेरिकी यादवीत लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, आणि मुंबई बंदरातून आपल्याकडच्या कापसाच्या गाठी लिव्हरपूलला जाऊ लागल्या. तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जायला जवळचा रेल्वेमार्ग हाच. कापसासाठी खामगावपर्यंत रूळ आले ते १८७० साली. मी अकोला जिल्ह्यातली, घरात पिढ्यान् पिढ्या पऱ्हाटी. आमच्या भागातल्या गाठी या चिखलावरून गेल्या असणार हे कळल्यावर त्या भकास जागेशी माझं काहीतरी नातं जुळलं, एवढं खरं. कापसावर फुगलेल्या त्या शहराने पुढे आपला मैलाही वॅगनी भरभरून इथेच आणून टाकला. दलदलीची शेतजमीन करायला खत फुकट मिळालं, शहराची घाणही गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महापालिकेने त्यासाठी या भागात जमीनच विकत घेतली होती.

लिटल वूल्डनची गत मात्र शेतीने केली नाही, कुंड्यांनी केली. इथलं पीट यंत्राने खरवडून, वाळवून, पिशव्यांत भरून बागेच्या दुकानांत जायचं. दरवर्षी वरचा थर निघायचा. लँकेशायर वाइल्डलाइफ ट्रस्टने २०१२ साली ही जागा घेतली. लँकेशायर आणि मँचेस्टरच्या परिसरातल्या सखल भागातल्या अशा दलदलींपैकी ९८ टक्के नाहीशा झाल्या आहेत, त्यामुळे निवडायला फार जागा होत्या अशातला भाग नाही.

तर काम. मोठं काम पोकलेनने होतं. साधं पोकलेन तिथे रुतून बसेल, म्हणून त्याला अतिरुंद पट्टे असतात आणि चालकही या कामात मुरलेले असतात. पोकलेन आधी वरचा वाळका, भेगाळलेला थर बाजूला करतं, खाली जाऊन ओलं, काळं, चिकट पीट शोधतं आणि ते उपसून, दाबून त्याचाच बांध घालतं. वाळकं पीट बांधाला चालत नाही. एकदा पूर्ण वाळलं की ते पाणी पुन्हा पीत नाही, उलट झटकून टाकतं. बांध फार उंच नसतो, गुडघ्याच्याही खाली. पण तो जमिनीच्या आत जेवढा गेलेला असतो ते महत्त्वाचं, कारण पाणी वरून कमी आणि भेगांतून जास्त पळतं. असे बांध घालून सगळी जमीन कप्प्याकप्प्यांत विभागतात. उतार डोळ्याला दिसतही नाही, पण कप्पा मोठा ठेवला तर एका टोकाला तळं होतं आणि दुसरं टोक कोरडं राहतं.

आमच्या हाताला येतात ते बारके चर. त्यांत लाकडी फळ्या किंवा एकमेकींत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या ठोकायच्या, मागे ओलं पीट भरायचं, तुडवायचं. पट्टी चराच्या तळाच्या बरीच खाली आणि दोन्ही काठांत आत गेली पाहिजे, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी बाजूने वाट काढतं. नाला बांध बघितलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. आमच्या गटातले एक निवृत्त शिक्षक मला म्हणाले, "तुला हे आधीपासून येतं." येत होतंच. फक्त गावाकडे अडवलेलं पाणी मुरायला हवं असतं, आणि इथे ते मुरलं तर काम फसलं.

हा फरक माझ्या अंगवळणी पडायला वेळ लागला. काळ्या जमिनीतल्या शेतकऱ्याला भर श्रावणात एकच घोर असतो, वावर चिभडायला नको. झड लागली की आबा डोक्यावर पोतं घेऊन धुऱ्याधुऱ्याने फिरायचे, जिथे पाणी तुंबलंय तिथे फावड्याने वाट करून द्यायचे. मी व्हिडिओ कॉलवर त्यांना पहिल्यांदा चर दाखवला.

"पाणी साचवून रायले तुमी? जाणूनबुजून?"

"हो आबा."

"अन् मंग पिकते काय त्याच्यात?"

"शेवाळ."

ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्या टाक्याले फुकटात लागून हाये ते."

थट्टा त्यांनी बरेच महिने केली. पण पाऊस किती पडतो हा त्यांचा प्रश्न खरा होता, आणि उत्तराने मीही चकित झाले. मँचेस्टरला वर्षाला साधारण आठशे मिलिमीटर, कधी थोडा जास्त. अकोल्यालाही जवळपास तेवढाच. आपला चार महिन्यांत कोसळून जातो आणि उरलेले आठ महिने ऊन ते शोषून घेतं. तिथला बाराही महिने भुरभुरत राहतो आणि उन्हात दम नसतो. या दलदलीला नदीचं, झऱ्याचं पाणी मिळत नाही, केवळ आभाळातून पडेल तेवढंच. ती फुगून भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच झालेली असते. म्हणून चर खणला की पाणी निघून जायला पटकन तयार.

बांध घातला म्हणजे झालं असं वाटत होतं, पण या कामाचा खरा कणा म्हणजे मोजणी. जमिनीत ठिकठिकाणी भोकं पाडलेले प्लास्टिकचे पाइप उभे पुरलेले असतात. मोजपट्टी चिकटवलेली एक बारीक नळी तोंडात धरून, फुंकत फुंकत पाइपात सोडायची. बुडबुड्यांचा आवाज आला की थांबायचं आणि आकडा बघायचा. पाणी जमिनीच्या किती खाली आहे हे कळतं. पहिल्यांदा हे करताना भोवतालचे हसतात, नंतर सगळेच हे करत असतात. थंडीत ओठ बधिर झाले की आवाज कानाला कळतो, पण फुंकर नीट जात नाही. तो आकडा वहीत, मग संगणकात.

हवा असलेला आकडा साधारण दहा सेंटिमीटर. म्हणजे पाणी जमिनीच्या पृष्ठभागाच्या अगदी खाली, पण वर तळं नाही. तळं का नको हे मला लॅबमधल्या एका सहकाऱ्यानेच खोचून विचारलं होतं: दलदलीतून मिथेन निघतो, तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरतो, मग तुम्ही भलं करता की वाईट? प्रश्न रास्त आहे. ओली केलेली जमीन मिथेन सोडते, आणि वर पाणी साचून राहिलं तर जास्तच सोडते. पण मिथेन हवेत दहा-बारा वर्षांत बराचसा विरतो, आणि कोरड्या पीटमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं साचत जातो. हिशेब एकत्र मांडला तर जमीन ओली ठेवणंच फायद्याचं. २०२१ साली 'नेचर'मध्ये ब्रिटिश आणि आयरिश पीटजमिनींच्या मोजमापांवर आधारलेला अभ्यास आला. त्यात मिथेन धरूनही असं निघालं की खोल गेलेली पातळी दर दहा सेंटिमीटर वर आणली तर हेक्टरी वर्षाला किमान तीन टन कार्बन डायऑक्साइडएवढी बचत होते, पाणी तीस सेंटिमीटरपर्यंत वर येईस्तोवर. मला हा आकडा आवडतो, कारण त्यात कुणालाही पूर्ण दलदल करायची सक्ती नाही. भाजीच्या शेतातलं पाणी नव्वदावरून साठावर आलं, तरी पदरात काही पडतं.

"झाडं लावा" हे जसं लोकांना चटकन समजतं, तसं "झाडं तोडा" समजावताना तोंडाला फेस येतो. बर्च आम्ही उपटतो आणि कापतो. कोरड्या पीटवर त्याचं बी वाऱ्याने येतं, वाढतं भराभर, आणि प्रत्येक झाड उन्हाळ्यात जमिनीतलं पाणी उपसत राहतं. झाडांनी जमीन कोरडी होते, कोरड्या जमिनीवर आणखी झाडं येतात. कुत्र्याला फिरवायला आलेल्या एका आजोबांनी आम्हाला करवतीसह बघून चांगलंच फैलावर घेतलं होतं. त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. निसर्ग वाचवायला आलोय म्हणणारी माणसं हिरवं झाड कापतायत, हे बघून कुणीही विचारणारच. बाईंनी त्यांना शांतपणे पाइपापाशी नेऊन नळी हातात दिली. आजोबांनी फुंकायला नकार दिला, पण ऐकून घेतलं.

लागवड दोन टप्प्यांत होते. उघड्या काळ्या पीटवर स्फॅग्नम थेट लावलं तर उन्हाने, वाऱ्याने, थंडीत जमिनीतलं पाणी गोठून फुगण्याने ते टिकत नाही. म्हणून आधी कापूसगवत. ट्रेमधली बोटभर रोपं, एका हातात टोकदार खुंटी, भोक पाडायचं, रोप घालायचं, टाचेने दाबायचं. सरकीची टोकणी करणाऱ्या बायांच्या रांगेत मी लहानपणी मागे मागे फिरले आहे, त्यामुळे कमरेला ही लागवड ओळखीची होती. पायात मात्र गुडघ्यापर्यंतचे गमबूट, आणि तरीही बूट चिखलात राहून मोजा वर येण्याचे प्रसंग रोजचे. कापूसगवताची मुळं जमीन बांधून धरतात, पात्यांच्या सावलीत ओल टिकते, आणि मग त्या आडोशाला स्फॅग्नमचे गोळे लावायचे. रानातली शाबूत दलदल इतकी थोडी उरली आहे की तिथून खुडून आणणं परवडणारं नाही, म्हणून हे शेवाळ रोपवाटिकेत ऊतीसंवर्धनाने वाढवतात, आपल्याकडच्या केळीसारखंच. वेगवेगळ्या जाती मिसळलेल्या असतात. काही डबक्यात तरंगणाऱ्या, काही उंचवटे करणाऱ्या. पीट मुख्यतः बनतं ते या उंचवटेवाल्यांमुळे, आणि नेमक्या त्याच सावकाश वाढतात.

२०२२चा उन्हाळा आला आणि सगळं थांबलं. १९ जुलैला लिंकनशरमधल्या कॉनिंग्सबीला ४०.३ अंश नोंदलं गेलं, ब्रिटनमध्ये चाळिशी पहिल्यांदाच ओलांडली. आबांना मी सांगितलं तर ते म्हणाले, "मंग? एप्रिल हाये आमचा." पण या जमिनीला ते झेपत नाही. पाइपांत नळी खाली खाली जात राहिली, बुडबुडे ऐकू येईनात. बांधांच्या माथ्यावर भेगा पडल्या. लावलेलं स्फॅग्नम पांढरं पडलं, चुरगाळलं तर कागदासारखं वाजायचं. त्यात आगीची धास्ती. २०१८ साली मँचेस्टरच्या पूर्वेला सॅडलवर्थच्या माळावर लागलेली आग विझवायला लष्कर आणावं लागलं होतं. कोरडं पीट जमिनीखाली धुमसतं, वरून विझलं तरी आत जळत राहतं. त्या काळात आम्हाला जागेवर येऊच नका म्हणून सांगितलं होतं, गरम इंजिनाची एक ठिणगी पुरे.

पाऊस आल्यावर गेलो. पांढऱ्या झालेल्या शेवाळापैकी बरंच मेलं होतं, पण जिथे बांध नीट होता आणि कापूसगवत दाट होतं तिथलं आठवड्या-दोन आठवड्यांत पुन्हा हिरवं झालं. उघड्यावरचं गेलं. मग पुन्हा ट्रे, पुन्हा खुंटी. बांध डागडुजी करताना बाईंनी सांगितलेलं मला पटलं आहे: लागवडीची संख्या अहवालात छान दिसते, पण पाणी सांभाळलं नाही तर ती सगळी संख्या कचऱ्यात. पैसे देणाऱ्या संस्थांना रोपं मोजायला आवडतात, पातळीच्या वहीत कुणी डोकावत नाही. माझ्या हातात असतं तर मी बांधाच्या डागडुजीसाठी दहा वर्षांचे पैसे आधी बाजूला काढले असते.

ओल आली तसे प्राणी आले, तेही कुणाची वाट न बघता. पाणी साचलेल्या कप्प्यांवर पहिल्याच उन्हाळ्यात चतुर घिरट्या घालू लागले. हिवाळ्यात पायाखालून पाणलाव्यासारखे स्नाइप भर्रकन उडतात आणि माणूस दचकतो. टिटवीची तुरा असलेली बहीण, लॅपविंग, उघड्या जमिनीवर घरटं करते, त्यामुळे मार्चनंतर काही भागांत आम्हाला बंदी. दवबिंदू ही कीटक खाणारी वनस्पती मी याआधी कासच्या पठारावर पाहिली होती. इथली जात वेगळी, गोल पानांची, लालसर, पण चिकट थेंब तेच आणि कारणही तेच, जमिनीत नत्र नाही म्हणून माश्यांवर गुजराण. जून महिन्यात कापूसगवताला बोंडं फुटतात. मला त्या दिवसांत तिथे उभं राहवत नाही की निघवत नाही, कारण दूरवर डिसेंबरातलं आमचं वावर दिसतं, वेचणीला आलेलं. गटातल्यांना मी फोनमधला आमच्या शेताचा फोटो दाखवला तर त्यांना क्षणभर दोन्हींतला फरक कळला नाही. या कापसाचं सूत मात्र निघत नाही, तंतू ठिसूळ असतात.

त्याच गवतावर लार्ज हीथ नावाचं फुलपाखरू अवलंबून आहे. अळी कापूसगवत खाते, मोठं झालेलं फुलपाखरू दलदलीतल्या गुलाबी हीथच्या फुलांतला मध पितं. एके काळी ते इथे इतकं होतं की त्याला 'मँचेस्टर आर्गस' म्हणायचे. दलदल गेली, फुलपाखरूही दीडेकशे वर्षं गायब. २०२० साली जवळच्या ॲस्टली मॉसवर ते परत सोडलं. लँकेशायरच्या उत्तरेतल्या विनमार्ली मॉसवरून आणलेली पिढी चेस्टरच्या प्राणिसंग्रहालयाने वाढवली होती. मी ते पाहिलं ते ढगाळ दिवशी, पंख मिटून बसलेलं, तपकिरी, डोळ्यांसारखे काळे ठिपके. देखणं म्हणावं असं काही नाही. आपल्याकडचं कुठलंही साधं फुलपाखरू त्याहून उठावदार. पण ते यायला आधी ॲस्टलीचं पाणी, मग गवत, मग हीथ, अशी कित्येक वर्षांची तयारी लागली होती.

कुंपणापलीकडे शेती आहे. पालेभाज्या, धान्य, घराघरांच्या अंगणात अंथरायला विकली जाणारी हिरवळ. तीही पीटवरच, तिथेही चर, आणि ते रोज वाहते. आमच्या बांधातून झिरपलेलं पाणी तिकडे गेलं तर त्यांची कुरकुर, त्यांच्या चरांनी आमची कडा सुकली तर आमची. या प्रश्नावर मी शेतकऱ्याची मुलगी म्हणून जरा कडू आहे. शेतकऱ्याला खलनायक करणं फार सोपं. त्याच्या आजोबाला दलदल आटवल्याबद्दल शाबासकी मिळाली होती, आणि त्याच्या पायाखालची जमीन वर्षाला सेंटिमीटरभर तरी कमी होतेय हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. जमीन संपेल तेव्हा संपेल, पण हप्ता या महिन्यात भरायचा असतो.

दुकानांतल्या पिशव्यांचं मात्र कुणाच्या पोटावर येत नाही. इंग्लंडच्या सरकारने २०२२ साली जाहीर केलं होतं की हौशी बागवाल्यांना पीट विकणं २०२४पासून बंद. २०२४ आलं आणि कायद्याविनाच गेलं. मी आता पिशवीच्या मागची बारीक अक्षरं वाचून घेते. बिनपीटच्या पिशव्यांत बऱ्याचदा काथ्याचा भुसा असतो, श्रीलंकेहून किंवा भारतातून बोटीने आलेला. नारळाचा भुसा अर्धं जग ओलांडून मँचेस्टरच्या टोमॅटोखाली जातो हेही काही फार शहाणपणाचं नाही, तरी तो दरवर्षी नव्याने तयार होतो. पीट तसं होत नाही.

मधला मार्ग शोधण्याचा एक प्रयत्न चॅट मॉसवरच चालू आहे, आणि आबांची थट्टा थांबली ती त्याच्यामुळे. पाणी न काढता पीक घ्यायचं. ट्रस्टने एका जुन्या शेतात पाण्याची पातळी वर आणून पाणकणीस लावलं. आपल्याकडे तळ्याकाठी, नाल्यात उगवतं तेच, तपकिरी कणसाचं. त्याच्या कणसातली म्हातारी, म्हणजे बियांचा उडणारा मऊ कापूस, जॅकेटमध्ये पिसांऐवजी भरायची. गेल्या खेपेला मी आबांना त्या शेताचे फोटो पाठवले आणि संध्याकाळी त्यांचाच फोन आला.

"हे खरंच इकतात?"

"विकायला लावलंय. कपड्यांसाठी."

"एकरी काय निंघते? भाव काय?"

मी म्हटलं, पहिलंवहिलं पीक आहे, बाजार अजून बसायचाय, घेणारी एकच कंपनी आहे.

"एकच घेनारा हाये?" आबा म्हणाले. "मंग त्या शेतकऱ्याले सांग, लावाच्या आंधी सौदा कागदावर करून घे म्हनाव. अन् वजन कोन्या काट्यावर होईन, थेबी लिहून घे म्हनाव."